परदेशचा फोन कोणत्या वाटेने येतो?

ऐंशीच्या दशकात ज्यांनी दुबईला किंवा अमेरिकेला फोन लावले आहेत, त्यांना ती अडखळ आठवत असेल. आपण ‘कसा आहेस?’ विचारायचं आणि पलीकडे शांतता. लाईन गेली असं समजून आपण ‘हॅलो, हॅलो’ सुरू करायचं आणि नेमकं त्याच वेळी पलीकडचं ‘बरा आहे’ येऊन आपल्या ‘हॅलो’वर आदळायचं. मग दोघंही थांबायचे आणि दोघंही एकदम बोलायला लागायचे. मीटर मात्र पळत असायचं.

आज छत्रपती संभाजीनगरातल्या सिडको एन-चारमधली आजी न्यू जर्सीतल्या नातवाला व्हिडिओवर ‘जेवलास का?’ विचारते आणि तो तिथल्या तिथे मान हलवतो. न्यू जर्सी काही जवळ आलेली नाही. प्रकाशाचा वेगही कुणी वाढवलेला नाही. मग मधली ती अडखळ गेली कुठे?

तर, वाट बदलली. तेव्हाचा आवाज बहुतेक वेळा आकाशातून जायचा, आता तो समुद्राच्या तळाशी पडलेल्या काचेतून जातो. या दोन्ही वाटांचं भारतातलं दार बराच काळ एकाच सरकारी कंपनीच्या ताब्यात होतं: विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएल. 2002 मध्ये सरकारने ही कंपनी टाटांना दिली. त्या विक्रीवर तेव्हा भरपूर चर्चा झाली, पण ती बहुतेक किमतीभोवती फिरली. नेमकी कोणती वस्तू विकली जात होती हे कळायचं तर आधी या वाटा कशा चालतात ते बघावं लागेल.

आकाशातली वाट

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भारताचं परदेशी दळणवळणाचं पहिलं मोठं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळजवळ 30 मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली आणि केंद्राला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. जागा आर्वीचीच का? उपग्रहाकडून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. शहरातल्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात तो बुडून जातो. जुन्नर तालुक्यातले डोंगर हा गोंगाट अडवतात. पुढे जवळच्याच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीचं केंद्र आलं, त्यातही ही शांतता कामाची ठरली.

आता अडखळीचा हिशेब करू. दळणवळणाचा उपग्रह आकाशात एका जागी स्थिर दिसायला हवा, म्हणजे तबकडी सतत फिरवावी लागत नाही. त्यासाठी तो विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ठेवावा लागतो. तेवढ्या उंचीवर त्याची पृथ्वीभोवतीची एक फेरी बरोबर एका दिवसात होते. आपला आवाज आर्वीहून वर गेला आणि परत खाली उतरला की झाले 72,000 किलोमीटर. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, तरी तिला या प्रवासाला पाव सेकंद लागतो. पलीकडच्याच्या उत्तराला आणखी पाव. दोन माणसांच्या बोलण्यात अर्धा सेकंद ही फार मोठी गोष्ट आहे. समोरचा गप्प बसला आहे, रागावला आहे किंवा लाईन तुटली आहे असं वाटायला तेवढा वेळ पुरतो.

आर्वीच्या आधीही या वाटेला इतिहास होता, तो थोडक्यात. 1870 मध्ये मुंबईहून एडन-सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत तारायंत्राची समुद्री केबल जोडली गेली. 1927 मध्ये लघुलहरींवर चालणारी बिनतारी ‘बीम’ सेवा आली. तिचं प्रक्षेपण खडकीहून व्हायचं आणि संदेश पकडण्याचं केंद्र दौंडला होतं. (ही पुण्याजवळची खडकी. आपल्या शहराचं जुनं नाव खडकी असलं तरी त्या खडकीचा इथे संबंध नाही.) 1947 मध्ये हा सगळा कारभार ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ या सरकारी खात्याकडे आला. 1 एप्रिल 1986 ला त्या खात्याची कंपनी झाली, तीच व्हीएसएनएल. 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही याच कंपनीने.

वाळूजची काच

समुद्रातली वाट समजून घ्यायला आपल्याला समुद्रापर्यंत जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत स्टरलाईट कंपनी नव्वदच्या दशकापासून ऑप्टिकल फायबर बनवते आहे. पुढे शेंद्र्यालाही तिचा काचेचा कारखाना उभा राहिला. देशात फायबरचा धागा बनवणारे कारखाने मोजके आहेत. काचेच्या कच्च्या मालापासून धाग्यापर्यंतचं सगळं काम करणारे तर त्याहून मोजके. त्यातला एक आपल्या शहरात आहे, याची शहराला फारशी दखल नाही. वाळूज म्हटलं की आपल्याला दुचाकी आठवतात.

फायबर कसं बनतं? सिलिकॉन टेट्राक्लोराईड नावाच्या द्रवाची वाफ ज्योतीत जाळतात. त्यातून काचेची अतिशय बारीक भुकटी तयार होऊन एका दांड्यावर थरावर थर बसते. ती भट्टीत तापवून घट्ट केली की पारदर्शक काचेचा जाडजूड दंड मिळतो. कारखान्यात त्याला ‘प्रीफॉर्म’ म्हणतात. हा दंड एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर उभा टांगतात आणि त्याचं खालचं टोक सुमारे 2,000 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. टोक मऊ होऊन काचेचा थेंब खाली ओघळतो. थेंबामागून येणारा धागा पकडून खाली ओढत राहतात. वाटेतच लेझरने त्याची जाडी मोजली जाते. ती मिलीमीटरचा आठवा भाग इतकीच राहायला हवी, नाहीतर ओढण्याचा वेग त्याच क्षणी बदलतात. मग त्याच्यावर प्लॅस्टिकचा लेप चढतो, अतिनील दिव्याखाली तो वाळतो आणि धागा रिळावर गुंडाळला जातो. एका दंडातून शेकडो किलोमीटर धागा निघतो.

या धाग्याच्या अगदी मधला भाग मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडा बारीक असतो आणि त्याची काच भोवतालच्या काचेहून किंचित वेगळी असते. तिच्यात जर्मेनियम मिसळलेलं असल्याने प्रकाश तिथे थोडा हळू चालतो. दोन्ही काचांच्या सीमेवर तिरपा आलेला प्रकाश बाहेर पडत नाही, तो आत परततो. म्हणून धागा वळला तरी प्रकाश त्याच्याबरोबर वळतो.

आवाज प्रकाशात कसा जातो? फोन आपल्या आवाजाची पातळी सेकंदाला 8,000 वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमाप आठ अंकांत लिहितो. अंक फक्त दोनच, शून्य आणि एक. म्हणजे एका बोलण्याचे सेकंदाला 64,000 अंक झाले. लेझर लागला की एक, मंदावला की शून्य. ही टेलिफोनची मूळ पद्धत, आजचे अ‍ॅप यापेक्षा कमी अंकांत भागवतात. शिवाय एकाच धाग्यातून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचे डझनावारी लेझर एकाच वेळी पाठवता येतात. पलीकडे ते पुन्हा सुटे करतात.

चेन्नई ते सिंगापूर ही टाटांची केबल 2004 मध्ये सुरू झाली. तिच्यात धाग्यांच्या आठ जोड्या, प्रत्येक जोडीत 64 रंग आणि प्रत्येक रंगावर सेकंदाला 1,000 कोटी अंक. गुणाकार करून बघा. साध्या फोनच्या हिशेबाने आठ कोटी संभाषणं एकाच वेळी. 1988 मध्ये अटलांटिकखाली पहिली ऑप्टिकल केबल पडली, तेव्हा तिची क्षमता 40,000 संभाषणांची होती आणि लोक त्यावरही थक्क झाले होते.

काचेला धाप लागते

काच कितीही शुद्ध असली तरी थोडा प्रकाश गिळतेच. साधारण 15 किलोमीटरनंतर निम्मा प्रकाश उरतो. 100 किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग. मुंबईहून युरोपात पोचायचं तर 10,000 किलोमीटरच्या आसपासची मजल आहे.

आपल्या नहर-ए-अंबरीत याचं उत्तर ओळखीचं वाटेल. मलिक अंबरने डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बंदिस्त वाटेने शहरात आणलं आणि वाटेत ठरावीक अंतरावर हवा आणि दाब सांभाळणारे मनोरे उभे केले. पाणी दिसत नाही, पण मध्ये मध्ये त्याची काळजी घेणारं काहीतरी असतं. समुद्री केबलमध्येही साधारण 60 ते 80 किलोमीटरला एक भक्कम नळकांडं बसवलेलं असतं. त्याला रिपीटर म्हणतात. त्यात एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचा तुकडा असतो. वेगळ्या लेझरने त्यातले अणू आधीच ऊर्जा भरून तयार ठेवलेले असतात. थकलेला प्रकाश तिथून जाताना ते अणू आपली ऊर्जा त्याच रंगात सोडतात आणि प्रकाश पुन्हा ताजा होतो. नहरीचे मनोरे पाणी वाढवत नाहीत, हे नळकांडं प्रकाश वाढवतं, इतका फरक.

रिपीटरला वीज लागते आणि समुद्राच्या तळाशी वीजमंडळ नाही. म्हणून धाग्यांभोवती तांब्याची नळी असते आणि दोन्ही किनाऱ्यांवरून तिच्यात हजारो व्होल्टने वीज सोडतात. परतीची तार नसते, ते काम समुद्राचं पाणीच करतं. खोल समुद्रात ही सगळी केबल मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते. किनाऱ्याजवळ नांगर आणि मासेमारीच्या जाळ्यांची भीती, म्हणून तिथे तिच्यावर पोलादी तारांचं चिलखत चढवून तळाच्या चिखलात पुरतात.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, म्हणजे मोकळ्या आकाशातल्या वेगाच्या दोनतृतीयांश. तरीही काचेचीच वाट लवकर पोचवते, कारण ती कितीतरी जवळची आहे. मुंबईहून युरोपमार्गे न्यूयॉर्क परिसरात जायला एक दशांश सेकंदही लागत नाही. नातवाची मान लगेच हलते ती यामुळे.

| चौकट: सिडको ते न्यू जर्सी |
|---|
| मोबाईलपासून जवळच्या टॉवरपर्यंत रेडिओ लहर. |
| टॉवरपासून शहरातल्या केंद्रापर्यंत आणि तिथून महामार्गांच्या कडेने मुंबईपर्यंत जमिनीखालचं फायबर. |
| मुंबईच्या किनाऱ्यावर केबल लँडिंग स्टेशन. इथे जमिनीवरची केबल समुद्रातल्या केबलला मिळते. |
| अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्तची जमीन, भूमध्य समुद्र, युरोप, अटलांटिक. |
| अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पुन्हा लँडिंग स्टेशन, जमिनीवरचं फायबर आणि घरातलं वायफाय. |

सगळा खेळ दाराचा

चौकटीतली तिसरी ओळ पुन्हा वाचा. लँडिंग स्टेशन बाहेरून एखाद्या सरकारी कचेरीसारखं दिसतं. मुंबईत प्रभादेवीला लोकमान्य विदेश संचार भवन आहे. त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्या शेकडो लोकांना ही इमारत कशाची हे ठाऊक नसेल. आत केबलला वीज पुरवणारी यंत्रं असतात, प्रकाशाचे रंग सुटे करणारी यंत्रं असतात आणि एक साधीशी जागा असते जिथे वेगवेगळ्या कंपन्या आपली जमिनीवरची केबल आणून समुद्री केबलला जोडतात. समुद्रातली केबल दहा-पंधरा कंपन्यांनी मिळून टाकलेली असली, तरी भारतात उतरताना तिला कुणातरी एका परवानाधारकाच्या स्टेशनात शिरावं लागतं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे इतकी वर्षं व्हीएसएनएल. परदेशी फोनची मक्तेदारीही तिचीच.

मक्तेदारी 2004 पर्यंत चालणार होती. सरकारने ती दोन वर्षं आधी, 1 एप्रिल 2002 लाच संपवली. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, 13 फेब्रुवारीला, कंपनीतला 25 टक्के हिस्सा आणि व्यवस्थापनाचा ताबा टाटा समूहाकडे गेला. किंमत 1,439 कोटी रुपये. रिलायन्सची बोली कमी पडली. निर्गुंतवणूक मंत्री होते अरुण शौरी आणि दूरसंचार खातं होतं प्रमोद महाजनांकडे, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या. काही महिन्यांतच ताब्यातल्या कंपनीने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये 1,200 कोटी गुंतवायचं ठरवलं. महाजनांचं जाहीरपणे बिनसलं आणि एकाच सरकारमधले दोन मंत्री दोन बाजूंना दिसू लागले. बाराशे-दीड हजार कोटींच्या आकड्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

दुसरा वाद जमिनीचा. लघुलहरी रेडिओच्या काळात अँटेनांची रांगच्या रांग उभी करायला शेकडो एकर मोकळी जागा लागायची. ती जागा कंपनीकडे तशीच पडून होती. सगळी मिळून सुमारे 770 एकर, त्यातली 500 एकरांहून अधिक एकट्या पुण्याजवळच्या दिघीला. ही अतिरिक्त जमीन विक्रीच्या व्यवहारातून वेगळी काढायची असं ठरलं, त्यासाठी 2005 मध्ये हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची कंपनीही निघाली. प्रत्यक्ष जमीन तिच्या नावावर होईपर्यंत मात्र आणखी चौदा-पंधरा वर्षं गेली.

माझ्या मते दोन्ही वाद खरे असले तरी मोठी गोष्ट त्यांच्या गोंगाटात झाकली गेली. रेडिओच्या जमान्यातल्या रिकाम्या जमिनीची सरकारने काळजी घेतली. फायबरच्या जमान्यातल्या लँडिंग स्टेशनची घेतली नाही. ही स्टेशनं कंपनीबरोबर गेली आणि इतरांना तिथे कोणत्या दराने, किती दिवसांत जोडणी द्यायची याचे नियम तेव्हा नव्हते. सरकारी मक्तेदारी कागदावर संपली आणि दार एका खासगी कंपनीच्या हाती राहिलं.

परिणाम लवकरच दिसला. ‘फ्लॅग’ नावाची केबल 1997 पासून व्हीएसएनएलच्या स्टेशनात उतरत होती. 2004 मध्ये रिलायन्सने फ्लॅग ही कंपनीच विकत घेतली, म्हणजे 2002 च्या बोलीत हरलेला गडी आता त्याच दाराशी उभा होता. त्याला केबलची क्षमता वाढवायची होती आणि दारवाला ती वाढवू देईना. भांडण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये निकाल फ्लॅगच्या बाजूने लागला. 2007 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने अखेर नियम केले: लँडिंग स्टेशनच्या मालकाने इतरांना जोडणी नाकारायची नाही, अटी जाहीर करायच्या आणि ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायचं. विक्रीनंतर पाच वर्षांनी आलेला हा नियम विक्रीच्या करारातच असायला हवा होता. पुढे खासगीकरण करणाऱ्या कुठल्याही सरकारने यातून एवढं तरी उचलावं.

टाटांनी मिळालेल्या दारावर नुसतं बसून खाल्लं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. 2000 नंतर जगभर दूरसंचार कंपन्या कोसळल्या होत्या आणि समुद्रात टाकलेल्या केबल कवडीमोलाने निघाल्या होत्या. टायको कंपनीचं 60,000 किलोमीटरचं जागतिक जाळं व्हीएसएनएलने 2005 मध्ये अवघ्या 13 कोटी डॉलरला घेतलं. ते बांधायला त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. पाठोपाठ कॅनडाची टेलिग्लोब घेतली. गंमत अशी की टेलिग्लोब हीसुद्धा एके काळची सरकारी कंपनी, कॅनडाने ती 1987 मध्येच विकली होती. 2008 मध्ये व्हीएसएनएलचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं आणि मार्च 2021 मध्ये सरकारने आपला उरलेला 26 टक्के हिस्साही विकून टाकला. आपल्या घरातल्या लँडलाईनवाली बीएसएनएल यात कुठेच नाही. ती 1 ऑक्टोबर 2000 ला खात्यातून वेगळी निघालेली कंपनी आहे आणि अजूनही सरकारचीच आहे. दोघींची नावं सारखी वाटतात म्हणून लोक बऱ्याचदा घोटाळा करतात.

तुटते तेव्हा

जगात दरवर्षी समुद्री केबल दीड-दोनशे वेळा बिघडतात. शार्क मासे केबल खातात ही ऐकीव गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण बहुतेक वेळा कारण असतं जहाजाचा ओढला गेलेला नांगर किंवा मासेमारीचं जाळं. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताच्या पश्चिमेकडच्या इंटरनेटचा मोठा हिस्सा बसला. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तेच झालं. दुरुस्ती कशी करतात? किनाऱ्यावरून धाग्यात प्रकाश सोडतात. तुटलेल्या टोकावरून तो परततो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. मग जहाज त्या जागी जाऊन आकड्याने केबल वर ओढतं, काच काचेला वितळवून जोडतं आणि पुन्हा खाली सोडतं. एवढं करायला हवामान, परवानग्या आणि जहाजाचा नंबर धरून आठवडे लागतात.

तोवर काम चालतं ते दुसऱ्या वाटेने, अर्थात ती असेल तर. 2022 अखेर भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबल 14 स्टेशनांत उतरत होत्या. त्यातल्या मुंबईच्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काही किलोमीटरच्या पट्ट्यात एकवटल्या आहेत. मालक अनेक झाले, पण किनारा जवळजवळ तोच.

हाच प्रश्न आपल्या शहरापुरता लहान करून बघता येतो. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे कारखाने आज ऑर्डर, बिलं, यंत्रांची देखभाल सगळं ऑनलाईन करतात आणि खबरदारी म्हणून दोन कंपन्यांच्या लाईन घेतात. रस्त्याच्या कामावरचा एक जेसीबी दोन्ही एकदम तोडतो, कारण दोन्ही केबल एकाच चरातून आलेल्या असतात. दुसरी लाईन घेताना सवलत किती एवढंच विचारू नका. ती शहरात कोणत्या रस्त्याने शिरते, मुंबईला कोणत्या महामार्गाने जाते आणि समुद्रात कोणत्या लँडिंग स्टेशनातून उतरते, हे तिन्ही विचारा आणि लेखी घ्या. एक लाईन मुंबईहून आणि दुसरी चेन्नईहून समुद्रात जात असेल तर थोडे जास्त पैसे मोजलेले परवडतात.